गेट कोणी उघडलं

"सोजे, फळी टाक," अण्णा म्हणाले.

"न्हाय टाकत."

"मी सांगतुय."

"तुमी सांगताय म्हनून तर न्हाय टाकत."

अण्णा भरावावर उभे होते आणि मी तळ्यात, गेटच्या बुरुजावर. मध्ये दहा फूट उघडं पाणी. मातीच्या धरणाचं पाणी सोडायचं दार भरावाच्या पोटात, अगदी तळाशी असतं आणि ते उचलायचं चाक वर, पाण्यात उभ्या केलेल्या दगडी विहिरीच्या माथ्यावर. त्या विहिरीला आमच्याकडे बुरूज म्हणतात. भरावावरून बुरुजाकडे जायला लोखंडी पूल होता, पण त्याचे मधले पत्रे कधीच गंजून पडले होते. दर वर्षी साहेब यायचे, वहीत 'पत्रे बदलणे' असं लिहायचे आणि जायचे. त्या खिंडारावर सागाची एक फळी टाकायची आणि जीव मुठीत धरून पलीकडे जायचं, अशी वहिवाट पडली होती. त्या दिवशी मी पलीकडे गेले आणि फळी माझ्या बाजूला ओढून घेतली.

बापाला तोंडावर नाही म्हणायची माझी ती पहिली वेळ. वय सव्वीस, एक लेक पदरात, आणि तोवर आयुष्यात मी नाही म्हणाले होते ते फक्त दुधावरच्या सायीला.

कुकडगावचं तळं बहात्तरच्या दुष्काळात झालं. अण्णांनी त्या भरावावर दोन उन्हाळे पाट्या वाहिल्या. कालवा डाव्या अंगानं निघतो आणि कुकडगावच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या शिवारात जातो. भरावाच्या खाली ओढा आहे आणि ओढ्याच्या काठाला काळेलवस्ती, माझं सासर. बावीस घरं. कालवा उंचावरून जातो, म्हणून वस्तीला त्यातला थेंब मिळत नाही. म्हणजे पाणी माहेरचं आणि धरण सासरच्या डोक्यावर. सोयरीक जमवताना हे कुणी बघितलं नाही, पत्रिका मात्र बघितली.

माझा नवरा सुभान त्या तळ्यावर चौकीदार होता. नऊ वर्षं रोजंदारीवर. त्या दिवाळीला कायम होणाऱ्यांची यादी निघणार होती आणि तिच्यात त्याचं नाव होतं. पण गणपतीच्या तोंडावर सांडव्याच्या दगडांवरून त्याचा पाय घसरला आणि नडगी मोडली. सांडवा म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी जायची दगडी वाट, तिथं शेवाळ असतं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि दोन महिने हलू नको म्हणून सांगितलं. खात्याला कळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस लागला असता आणि यादीतलं नाव गेलं असतं. म्हणून आम्ही कळवलं नाही. सहा आठवडे चौकीदारी मी केली. पाण्याची पट्टी मी वाचायची, भरावावर मी फिरायचं, गेटच्या दांड्याला ग्रीस मी लावायचं, आणि संध्याकाळी सुभाननं बाजेवर पडून वहीत आपल्या अक्षरात लिहायचं. एकदा लाटकर साहेब अचानक आले. "चौकीदार कुठं आहे?" म्हणाले. मी म्हटलं, "त्या टोकाला गेल्यात, बोलवू का?" तीन फर्लांग चालत कोण जाणार? साहेब चहा पिऊन गेले.

बाजेवर पडल्या पडल्या सुभाननं मला सगळं शिकवलं होतं. "गळती असतीच," तो म्हणायचा. "मातीचं धरान हाय, त्याला घाम येनारच. गळतीचं पानी निवळ हाय तवर खुशाल झोप. गढूळ आलं की समज, आतनं भराव वाहतुया. मग थांबायचं न्हाय. तळं खाली करायचं."

चार वर्षांनी त्या साली तळं भरलं होतं. भरावाच्या पायथ्याला, घाणेरीच्या जाळीत, मनगटाएवढी एक धार चार दिवस वाहत होती. निवळ होती. दसऱ्यानंतरच्या त्या मंगळवारी सकाळी सहाला मी जाळी बाजूला केली, तर ती दुधाच्या चहासारखी दिसली आणि तिच्या तोंडाशी वारुळासारखा बारीक मातीचा ढीग जमला होता. मी ओंजळीत पाणी घेतलं. ते गळून गेल्यावर हातात लाल गाळ राहिला.

मी पळत घरी आले. सुभाननं माझा हात बघितला आणि पहिल्यांदा दिराला, पोपटला हाक मारली. "सायकल काढ. साहेबाला सांग, गळती गढूळ झालीय, आजच्या आज या."

"साहेब आले तर तुमचा पाय दिसंल," मी म्हणाले.

"दिसू दे."

पोपट गेला. तालुका बावीस किलोमीटर. वस्तीतली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारी आणि लेकरं. मी घरोघर सांगितलं, माळावर चला. काही निघाली. बाकीच्यांनी, "तळं फुटतंय असं दर चार वर्सांनी कोन ना कोन म्हनतंय," असं म्हणत चूल फुंकली. सुभानला बाजेसकट उचलायला चार गडी लागले असते, आणि वस्तीत उभं राहू शकणारे होते दोन, त्यातला एक आंधळा. माझी चार वर्षांची लेक, सुंदरा, बापाच्या उशाशी बसून राहिली, हलेना. सासूबाई म्हणाल्या, "तू जा. आमी हितंच हाय."

गेटचं हँडल आमच्या घरी असायचं. मी ते खांद्यावर टाकलं आणि बुरुजाकडे निघाले. लेखी हुकूम नसताना गेट उघडणं हा गुन्हा होता, आणि उघडणारी मी तर खात्याची कुणीच नव्हते. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून निघाले, यात काही शौर्य नव्हतं, दुसरी वाटच नव्हती.

हँडल चाकात बसवलं आणि फिरवायला लागले. एक फेरा, दोन, तीन, चार. पाचव्या फेऱ्याला चाक थांबलं. मी लोंबकळले, पाय रोवले, पण ते ढिम्म. खालून पाण्याचा आवाज नाही. मग माझं लक्ष कठड्याकडे गेलं आणि डोक्यात लख्ख झालं. कठड्याला तीन दावी बांधलेली होती आणि ती सरळ पाण्यात उतरली होती.

आमच्या गावची ही रीत. गेट जुनं, त्याच्या फटीतून कालव्यात रात्रंदिवस थोडं पाणी गळायचं. कुकडगावकरांना ते कसं सोसावं? तळं भरलं की पोत्यांत काळी माती, कोंडा आणि शेण भरायचं, तोंड शिवायचं आणि दाव्यानं गेटसमोर सोडायचं. गळणारं पाणीच पोतं ओढून घेतं आणि फटीवर गच्च बसवतं. थेंब गळत नाही, पण गेटही जाम होतं. मार्गशीर्षात पाणी सोडायची वेळ आली की पाच-सहा गडी मिळून दावी ओढतात, पोती वर काढतात, मग गेट उघडतं. साहेबांना हे माहीत नव्हतं. हे काम दर वेळी अण्णा करायचे आणि गावात त्यांच्याइतकं घट्ट पोतं कुणाला बसवता येत नव्हतं. त्या साली आठ दिवसांपूर्वीच त्यांनी ती बसवली होती. तळ्याला एकच दार, आणि माझ्या बापानं त्याला बूच मारून ठेवलं होतं.

मी एक दावं धरून ओढलं. तळहाताची साल निघाली, दावं वीतभरही आलं नाही. तेवढ्यात भरावावर माणसं दिसली. कुणीतरी मला चाकाशी पाहिलं होतं. पाणी सोसायटीचे चेअरमन बजाबा माने पुढे, त्यांच्या मागे पाच जण आणि सगळ्यांत शेवटी, गुडघे धरत, अण्णा. ते येऊन हँडल काढून घेणार हे कळायला पंचांग नको होतं. मी फळी ओढून घेतली.

म्हणजे मी त्यांच्यापासून सुटले आणि त्याच क्षणी अडकले. गेट उघडायला पाच माणसं हवीत, आणि ज्या पाचांना दावी ओढता आली असती ती माझ्याच फळीमुळे पलीकडे होती. फळी टाकावी तर हँडल जातं, न टाकावी तर गेट उघडत नाही. शिवाय बुरुजावरून फक्त तळं दिसतं. भरावाच्या पलीकडचा उतार, ती धार, वस्ती, काही दिसत नाही. धार वाढली का, माती किती आली, मला काही कळायला मार्ग नव्हता. सुंदरा आता कुठं असेल एवढंच डोक्यात फिरत होतं.

"सोजरबाई," चेअरमन म्हणाले, "गेटला हात लावायचा तुमाला अधिकार काय?"

"काय न्हाय. पर भराव फुटतुया. खाली गढूळ पानी लागलंय."

"गळती काय आजची हाय व्हय? आमी वरनं बघूनच आलोय. नुसती ओल हाय."

"वरनं दिसत न्हाय. जाळीत हाय. खाली उतरा."

खाली कुणी उतरलं नाही. त्यातला दुष्टावा मला तेव्हाही वाटला नाही. बघितलं की कळतं, आणि कळलं की काहीतरी करावं लागतं. चार वर्षं त्या माणसांनी कोरड्या कालव्यात क्रिकेट खेळणारी पोरं बघितली होती. आता पाणी डोळ्यांसमोर हेलकावत होतं आणि कांद्याची रोपं वाफ्यात तयार होती.

"चौकीदार कुठं हाय? त्याला बोलवा," एक जण म्हणाला. सगळ्यांनाच माहीत होतं तो कुठं होता. सहा आठवडे गावानं ते गुपित राखलं होतं, खोटं कशाला बोलू. आता ते गुपित काठीसारखं माझ्यावर उगारलं.

"सोजे," अण्णा म्हणाले, "ह्यो भराव म्या टाकलाय. माझ्या डोक्यावनं गेलीय ही माती. ती कुटं जात न्हाय."

"अण्णा, खाली तुमची नात बसलीय."

ऊन चढत गेलं. पलीकडची माणसं बोलायची, मी नाही म्हणायची, पुन्हा ती बोलायची. चेअरमननी एकाला पोहत पाठवायचं ठरवलं. मी हँडल काढून पाण्यावर धरलं आणि सांगितलं, कुणी आलं तर हे तळात जाईल, मग मार्गशीर्षातही उघडू नका. तेव्हा तो बेत राहिला. तहानेनं माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. चहूकडे पाणीच पाणी, पण बुरुजाच्या कडेला हिरवं शेवाळ आणि त्यात फुगलेली मेलेली घूस, ते तोंडाला लावायची छाती झाली नाही.

दुपारी मीच तोडगा काढला. "गळतीचं पानी तांब्यात भरून आना," मी म्हणाले. "मी बगते. निवळ असलं तर फळी टाकते आन् हँडल तुमच्या हवाली करते."

"आन् गढूळ असलं तर?"

"तर दावी वडायची."

चेअरमननी सगळ्यांकडे बघितलं. "अण्णा, तुमीच जावा. दुसऱ्या कुनी आनलं तर म्हनंल बदललं."

अण्णांनी एकाकडचा रिकामा तांब्या घेतला आणि भरावाच्या पलीकडे उतरले. आधी त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग धोतर, मग पटका. मी तिकडेच बघत राहिले. सुटले, असं वाटलं. आता काहीही असो, मला कळणार होतं, आणि ठरवायचं ओझं त्या तांब्यावर होतं.

ते लवकर आले. तांब्या त्यांनी शेवाळ काढायच्या बांबूच्या टोकाला अडकवून माझ्याकडे सरकवला. मी उन्हात धरला. तळाचा पितळेचा ठोका स्पष्ट दिसत होता. गाळाचा कण नाही.

"बग," चेअरमन म्हणाले.

मी बघितलं. सकाळी मला भास झाला का? हातातला लाल गाळ माझ्याच पायाचा होता का? खरं सांगते, मला बरंच वाटलं. वस्ती वाचली, नोकरी वाचली, बापाशी भांडण मिटलं. आणि तहान एवढी होती की मी तांब्या तोंडाला लावला.

पहिल्याच घोटाला जीभ थांबली. पाणी मचूळ होतं, आणि त्याला गंजलेल्या पाइपाची चव होती. ते आमच्या हापशाचं पाणी होतं. भरावाच्या डाव्या टोकाला आमचं शेतातलं घर, दारात तो हापसा. कळायला लागल्यापासून लग्न होईपर्यंत मी ते प्यायले होते. तळ्याचं पाणी तसं लागत नाही. तळ्याचं पाणी गोड आहे.

मी तांब्या संपवला. प्यायची इच्छा नव्हती, पण तोंडापासून काढला असता तर चेहरा दिसला असता. पिता पिता मी विचार करत होते की हे सहा जणांसमोर बोलले तर काय होईल. अण्णांना जन्मभर मान वर करता येणार नाही. आणि नाही बोलले तर वस्ती. आपलेच दात, आपलेच ओठ.

"पानी ग्वाड हाय, अण्णा," मी मोठ्यानं म्हणाले आणि तांब्या बांबूला परत अडकवला. "पर तांब्यात नीट कळत न्हाय. तुमी पुन्यांदा जावा. धारंत हात घालून बगा. तुमी सांगाल ते मी ऐकते."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही समजलं नाही. मग ते वळले आणि परत उतरले.

या वेळी त्यांना पाऊण तास लागला. चेअरमन घड्याळ बघत होते. एक जण म्हणाला, म्हातारा झोपला काय. मी चाकाला टेकून उभी होते आणि पायाखालचा दगड थरथरतोय असं मला सारखं वाटत होतं.

अण्णा वर आले तेव्हा त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत लाल चिखलानं भरलं होतं आणि उजवा हात कोपरापर्यंत.

"काय हाय?" चेअरमननी विचारलं.

अण्णा पुलावर आले, खिंडाराच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "फळी टाक."

सकाळी म्हणाले होते तेच शब्द, त्याच आवाजात. हँडल घ्यायला आले की दावी ओढायला, मला कळेना. दुपारी ज्या माणसानं मला हापशाचं पाणी पाजलं तोच हा माणूस. मी फळी उचलली. तिचं ते टोक त्यांच्या पायाशी पडलं तेव्हा मी डोळे मिटले होते.

ते अलीकडे आले, हँडलला हात न लावता कठड्याशी गेले आणि पहिलं दावं सोडवलं. "या रं," ते मागे न बघता म्हणाले. "वडायला या."

"अण्णा, येड लागलं का तुमाला?" चेअरमन म्हणाले.

"माझा हात गेला आत. कोपरापातुर गेला. जाऊन बग, मग बोल."

एक जण खरंच खाली गेला आणि पळत वर आला. पाच जण फळीवरून आले. चेअरमन आले नाहीत, ते तिथूनच घरी गेले. तिन्ही पोती काढायला तास गेला, दोन फाटली. मग अण्णा मला म्हणाले, "चाक तू फिरव. तुला ठावं हाय." मी फिरवायला लागले. विसाव्या फेऱ्याला खालून घोंगावणारा आवाज आला आणि कालवा वाहू लागला. मी दमले की ते फिरवायचे, ते दमले की मी.

दिवस मावळायच्या आत त्या पाच जणांनीच सुभानला बाजेसकट माळावर नेलं. भराव फुटला नाही. अकरा दिवसांत तळं निम्म्याच्या खाली आलं, धार आधी निवळ झाली आणि मग थांबली. मार्गशीर्षात लागणीला पुरेल एवढं पाणी राहिलं नाही, आणि कुकडगावात त्या साली कांद्याची रोपं वाफ्यातच पिवळी पडली.

लाटकर साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले. त्यांनी भराव बघितला. दोन वर्षांपूर्वी बाभळी तोडल्या होत्या, त्यांची मुळं आत कुजून पोकळी झाली, असं त्यांनी सांगितलं. "फुटलं असतं का, साहेब?" मी विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "फुटलं असतं. नसतंही." ते उत्तर गावानं नंतर अर्धंच लक्षात ठेवलं.

मग ते सुभानच्या बाजेपाशी बसले आणि जबाब लिहायला वही उघडली. चेअरमननी तक्रार आधीच पोचवली होती, तिच्यात नाव मात्र कुणाचं नव्हतं. "हुकूम नसताना गेट कोणी उघडलं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून अण्णा म्हणाले, "म्या."

साहेबांनी वर बघितलं.

"म्या उघडलं. चौकीदार आडवा आला. म्या ढकलला. पडला, नडगी मोडली."

सुभान उठून बसायला लागला, तर अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं. साहेबांनी कामट्यांकडे बघितलं. पट्टीचं कापड काल बांधलेलं नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात पदरात घेतले होते.

"बाई, तुमचे वडील म्हणतात ते खरं आहे?"

मी सुभानकडे बघितलं, सुंदराकडे बघितलं. नऊ वर्षं, आणि दिवाळीला पंधरा दिवस.

"व्हय," मी म्हणाले.

सुभान दिवाळीत कायम झाला. अण्णांवर खटला भरला, सरकारी मालमत्तेला हात घातला आणि सरकारी माणसाला मारलं म्हणून. दावी ओढणाऱ्या पाचांचं नाव त्यांनी कधी येऊ दिलं नाही, आणि त्या पाचांनीही कधी आणलं नाही. कुकडगावानं त्यांना लग्नाला बोलवायचं सोडलं. सुभानची नडगी कधी मोडली हे ठाऊक असूनही, जावयाला मारणारा आणि गावाचं पाणी सोडणारा म्हातारा, असं त्यांचं नाव झालं. काळेलवस्तीनं उलट त्यांना डोक्यावर घेतलं. जत्रेत पहिला नारळ अण्णांच्या हातून फोडायचं ठरलं, दर वर्षी बोलावणं जायचं. ते एकदाही आले नाहीत. "तुजं अण्णा का येत न्हाईत गं?" असं बायका विचारायच्या, मी गुडघ्यांचं कारण सांगायची.

खटला पाच वर्षं चालला. शेवटच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी गुन्हा कबूल केला. वय बघून न्यायाधीशांनी दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा दिली. अकरा वाजले होते. अण्णा मागच्या बाकावर बसले, मी शेजारी. समोर दुसऱ्यांची प्रकरणं चालली होती, बांधाची, वाटणीची. पंखा कुरकुरत होता.

दुपारी मला राहवेना. "अण्णा, मी उठून सांगते," मी हळूच म्हणाले. "गेट मी उघडलं म्हनून. ह्ये आता कायम झाल्यात, काय व्हायचं ते हुईल. पाच वर्सं मला अन्न ग्वाड लागलं न्हाय."

"बस खाली."

"न्हाय. खरं काय ते सांगते."

"मग समदं सांगाया लागंल," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते.

"आपल्या हापशाचं पानी कवा ग्वाड हुतं गं, सोजे?"

पाच वर्षं मी समजत होते की ते मला एकटीलाच माहीत आहे.

"तू 'ग्वाड हाय' म्हनलीस तवाच म्या वळखलं," ते म्हणाले. "साऱ्यांफुडं माझी लाज राखलीस. खाली बावीस घरं. पोरगी बसलेली. आन् म्या हापसा हापसत हुतो."

"पर तुमी नंतर गेलात की, अण्णा. धारंत हात घातला. गेट तुमच्यामुळं उघडलं."

"नंतर," अण्णा म्हणाले. "तू जायाला लावलंस म्हनून."

त्यांनी माझा हात धरला आणि मला उठू दिलं नाही. त्या पकडीत जोर नव्हता, झटकता आली असती. मी बसून राहिले.

साडेपाचला न्यायाधीश उठले, सगळे उभे राहिले आणि वकील कागद गोळा करून निघाले. शिपाई खिडक्या लावत लावत आमच्या बाकापाशी आला. "बाबा, झालं तुमचं. सुटला तुम्ही. जा घरी." अण्णा हलले नाहीत. त्याला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून त्यानं वाकून पुन्हा मोठ्यानं सांगितलं. अण्णा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तसेच बसून होते, आणि शिपायानं शेवटची खिडकी लावेपर्यंत मीही त्यांना उठा म्हणाले नाही.